लंगडा उंट आणि उंटकटारा

एका ओसाड माळरानावर एक लंगडा उंट एकटाच राहत असे. त्याचा तांडा त्याला मागे ठेवून केव्हाच पुढे निघून गेला होता. पोटाची काळजी त्याला नव्हती. माळभर उंटकटारा माजला होता. पानापानाला काटे, अन् वर चेंडूसारखी गोल, निळसर, टोचरी फुले. दुसरे कुणी त्याला तोंड लावत नसे, उंट मात्र काट्यांसकट मजेत चघळी. पण बाळांनो, पोट भरले म्हणून मन भरते असे थोडेच आहे? संध्याकाळी "जेवलास का?" एवढे विचारायलाही कुणी नसे.

खाली उतारावर शेळ्यांचा कळप चरत असे. उंटाला वाटले, यांच्यासारखे खाल्ले तर आपण यांच्यातलेच होऊ. झाले! नव्या दुकानदाराने शेजाऱ्याच्या दारात शेजाऱ्याचाच माल मांडावा, तसा तो त्यांच्या गवतात जाऊन उभा राहिला. "राम राम, मावशी!" तो म्हाताऱ्या शेळीला म्हणाला. मावशी आधी हसून बोलली. पण उंटाचा घास तो केवढा! उन्हाळा लागला, गवत संपत आले, तशी मावशीने शिंगे रोखली. "अहो पाहुणे, बोलायला आलात की आमचं ताट पुसायला? निघा!" बाकीच्या शेळ्या खिदळल्या, "मान बघा केवढी, अन् लाज एवढीशी!"

उंट माळावर परतला. पुन्हा तोच उंटकटारा, पुन्हा तेच एकटेपण. उताराकडे पाठ करून तो नुसता खात राही. एके दुपारी मागे कुरकुर आवाज आला. वळून पाहतो तो शेळ्या! काट्यांमुळे झुडपांच्या बुडाशी कुणाचे तोंड पोहोचले नव्हते, म्हणून तिथले गवत टिकून होते. उंटाने काटे खाल्ले अन् ते उघडे पडले.

"आज इकडे कुठं, मावशी?" उंटाचा आवाज चिरकला. कितीतरी दिवसांत तो कुणाशी बोललाच नव्हता.

"भूक घेऊन आली," मावशी घास न सोडता म्हणाली. "तुमचे काटे आम्हाला नकोत, आमचं गवत तुम्ही सोडा. जमतोय सौदा?"

"जमतोय की!"

"मग उभे काय राहिलात? त्या पलीकडच्या झुडपाकडे चला. आम्ही आहोत मागं."

तात्पर्य : शेजाऱ्याच्या घासात वाटेकरी होऊन सोबत मिळत नाही, त्याला नको ते आपण घ्यावे, हवे ते त्याच्यासाठी सोडावे, म्हणजे सोबत आपल्या पायांनी चालत येते.