पहिला मान ओंडक्याचा

“नवा साज आधी ओंडका ओढेल, मग रिकामी गाडी, आणि मग महाराज बसतील,” असं हैबती गाडीवान म्हणाला आणि बाणगडच्या राजांचं डोकं फिरलं.

जत्रेला निघायची वेळ झाली होती. राणीसाहेब केव्हाच्या नटून बसल्या होत्या. दारात तट्टूंची जोडी उभी होती, आणि तिच्यासाठी राजांच्या मामासाहेबांनी आणलेला सोनेरी साज पाटावर झळकत होता. वाट मात्र घाटाची. उतारावर एक पट्टा तुटला की गाडी दरीत.

“मामासाहेबांनी आणलेल्या वस्तूला ओंडका?” राजे कडाडले.

“रीत आहे महाराज. आणि या साजाला चामड्याचा वास नाही. खळीचा येतोय.”

“सोन्याचा मुलामा आहे त्यावर, ओढाल तर खरवडेल,” मामासाहेब म्हणाले. “गाढवाला गुळाची चव काय!”

राजे हट्टाला पेटले. “हैबती, साजाला बोट लावायचं नाही, पट्टा ताणायचा नाही, ओंडका बांधायचा नाही. तरी साज कच्चा आहे हे मामासाहेबांच्याच तोंडून वदवून दाखव. नाहीतर तुझी चाकरी गेली, आणि ही जोडी मामासाहेबांची.”

शिंगरं होती तेव्हापासून हैबतीनं त्या जोडीला हातानं दूध पाजून वाढवलं होतं. तो तट्टूंच्या मानेवरून हात फिरवू लागला. चारा टाकायला आलेली त्याची लेक सगुणा मात्र पाटी खाली ठेवून पुढे आली.

“महाराज, बाबांचं चुकलं. ओंडक्याचं नाव काढायला नको होतं. एवढा देखणा साज, त्याचा पहिला मान आणणाऱ्याचाच!”

मामासाहेबांची मान ताठ झाली. “पोर शहाणी आहे.”

“मामासाहेबांना हार घाला, गंध लावा, गाडीत बसवा. पुढे ताशा वाजू दे. बाबा गाडी हाकतील. घाट उतरून मामासाहेब पायथ्याशी पोचले, की मग महाराजांनी निघावं.”

“घाट?” मामासाहेबांचा हात मिशीवरच थांबला. “छे छे. पहिला मान महाराजांचाच.”

राजांनी चमकून पाहिलं. “मामासाहेब, आमच्या युवराजांच्या बारशात तुम्ही आत्याला बाजूला सारून पाळण्याची पहिली दोरी ओढलीत. तेराव्याच्या पंगतीतसुद्धा पहिलं पान मिळालं नाही म्हणून उठून गेला होतात. आणि आज मान नको?”

“गुडघा दुखतोय.”

“गाडीत गुडघ्याचं काय काम?” सगुणा म्हणाली. “मामीसाहेबांनाही शेजारी बसवू. मान जोडीनं घ्यावा.”

“बसवा रे यांना!” राजांनी हुकूम सोडला. ताशा कडकडला. दोघा हुजऱ्यांनी मामासाहेबांना हार घालून दंडाला धरलं. हैबती साज उचलायला वाकला, तसे मामासाहेब गाडीचं चाक धरून खालीच बसले.

“नको! पट्टे शिवलेले नाहीत, शिलाईचे पैसे वाचवायला खळीनं चिकटवलेत! उतारावर टिकणार नाहीत!”

ताशा बंद पडला. पाटावरचा साज तेवढा झळकत राहिला.

“आणि आम्ही टिकलो असतो?” राजांनी विचारलं.

मामासाहेबांचा हार एका कानावर लोंबत होता, आणि त्यातला झेंडू डावं तट्टू शांतपणे खात होतं. ते बघून राजांना आधी खोकला आला, मग हसू फुटलं, आणि मग हसता हसता ते पायरीवरच बसले.

“हैबती, जुना साज चढव, आम्ही त्यातच जाऊ. जोडी आजपासून तुझी. आणि मामासाहेब, यापुढे राज्यात जो नवा साज येईल, त्याचा पहिला मान तुमचा. ओंडक्याच्या जागी तुम्ही!” मग ते सगुणेकडे वळले. “पोरी, तुला काय हवं?”

“ओंडका द्या, महाराज.”

“ओंडका? तो कशाला?”

“त्याचं काम आता मामासाहेबांना मिळालं. तो बिचारा रिकामाच पडणार. बाबांना बसायला बाकडं करीन म्हणते.”

राजे पुन्हा हसत सुटले. ओंडका तर त्यांनी दिलाच, वर त्याचं बाकडं करायला दरबारचा सुतारही दिला.