काचेआडचा श्वास

"हा वास कसला?" हेमांगी स्वतःशीच पुटपुटली.

केवडा होता. अगदी पुसट... आणि तिच्याच बोटांना.

याच बोटांनी मघाशी तिने नूरशाह बाबांच्या मानेखालची उशी सारखी केली होती. आता बाबा काचेच्या लांबट चेंबरमध्ये उताणे पडले होते. दार घट्ट बंद होतं. आत शुद्ध ऑक्सिजन भरत होता आणि दाबाचा काटा निम्म्यावर आला होता.

मिरजेच्या त्या रुग्णालयात चेंबर चालवणारी हेमांगी नवीच होती. परीक्षेत नेहमी पुढे, पण जिवाने भित्री. कुणी मागून हाक मारली तरी हातातला पेला सांडायचा. चेंबरचं दार लावलं की ते उघडेपर्यंत ती काट्यावरून नजर हलवायची नाही. ही नोकरी आपली नव्हे, असं तिचं आईला दोनदा सांगून झालं होतं.

बाबा मात्र मजेत असायचे.

"जिवंतपणीच कबरीची सवय होतेय," पहिल्याच दिवशी चेंबरमध्ये आडवे होत ते म्हणाले होते, "आणि हवा बाहेरच्यापेक्षा चांगली!"

साखरेने त्यांच्या पायाची जखम चिघळली होती. सर्जन गुडघ्याखालून पाय काढायचं बोलू लागले होते. शेवटचा प्रयत्न म्हणून औषधं आणि ड्रेसिंग यांच्या जोडीला हे चेंबर सुरू झालं, दाबाखालचा ऑक्सिजन रक्तातून जखमेपर्यंत पोचावा म्हणून. परवा पट्टी सोडली तेव्हा काळपट कडेला लाल मांस दिसलं. बाबांचा चेला दस्तगीर तिथेच भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला होता.

हेमांगी बाबांना रोज एकच विचारायची, "बाबा, भीती घालवायची कशी?"

"आत जाऊन विचार करतो," बाबा म्हणायचे. आणि आत गेले की डोळे मिटायचे.

एक गोष्ट मात्र तिने त्यांच्याकडून कबूल करून घेतली होती. जिक्र करताना, म्हणजे मनात देवाचं नाव घेताना, दम रोखून धरायची बाबांना जुनी सवय.

"बाहेर काय ते करा, बाबा. आत नाही. दाब उतरताना श्वास कोंडला तर फुफ्फुस फाटू शकतं."

बाबांनी हात जोडले होते. "इथे तू उस्ताद, मी चेला."

...

तिने बोटं पुन्हा नाकाशी नेली. केवडाच.

बाकावर दस्तगीर बसला होता, पायावर पाय टाकून. बाबांची सेवा आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही, हे त्याच्या बसण्यातच दिसायचं.

"दस्तगीरभाई, बाबांना अत्तर लावलंय?"

"मघाशी विचारलंत ना? नाही म्हणालो."

"मग माझ्या हाताला..."

"माझ्या कपड्यांचा असेल. बाई, तुम्ही सुखाने बसा की जरा! काल सलाईनचा स्टँड पडला तर टेबलावर चढायच्याच बाकी होतात तुम्ही."

हेमांगीचे कान तापले. खरंच होतं ते. आज पुन्हा काही नसताना घाबरून उपचार बंद पाडला, तर हसं व्हायचं. आणि बाबांची आजची खेप फुकट जायची, जखम आत्ता कुठे धरू लागलेली असताना.

तिने चेंबरच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. वाजत राहिला... वाजत राहिला. मॅडम शेजारच्या आयसीयूत होत्या.

"अत्तर असलं तर कुठे असेल?" तिने विचारलं.

दस्तगीरचा हात उचलला गेला. स्वतःच्या कानामागे गेला... आणि तिथेच थांबला.

हेमांगीने काचेतून पाहिलं. बाबांचे लांब पांढरे केस कानांवर आले होते. खाली काय होतं, ते दिसत नव्हतं.

"फाया?"

"दर्ग्यातला आहे," दस्तगीर हळूच म्हणाला. "कापसाचा एवढासा तुकडा. त्यांना माहीतही नाही. तुम्ही तेल काढायला लावलं, ताईत काढायला लावला, घड्याळ, कंगवा... सगळंच काढलंत. म्हटलं, आत एकटे असतात. काहीतरी असू दे सोबत."

"अहो, त्या हवेत एक ठिणगी पुरते! साधा कापूससुद्धा भडकतो, हा तर अत्तरात भिजलेला!"

दस्तगीर उठून उभा राहिला. मघाचा ताठा कुठल्या कुठे गेला होता.

"उघडा मग. लवकर उघडा!"

"लवकर नाही उघडता येत."

तिने ऑक्सिजन भरणं थांबवलं आणि माइकचं बटण दाबलं.

"बाबा, आज आपण आधीच बाहेर येतोय. केसांना, कानाला हात लावू नका. दाब हळूहळू उतरवते. श्वास चालू ठेवा, रोखू नका. ऐकू येतंय ना?"

उत्तर नाही.

"बाबा?"

...

बाबांचे डोळे मिटलेले. ओठ मिटलेले. चेहऱ्यावर तीच शांती, जिक्रात दम धरल्यावर असते तशी.

"ध्यान लागलंय त्यांचं," दस्तगीर कुजबुजला. "कधी कधी किती तरी वेळ श्वास घेत नाहीत. आम्हाला अभिमान वाटायचा त्याचा..."

हेमांगीचा हात दाब उतरवायच्या नॉबवर होता. तो तिने फिरवला नाही.

काचेला नाक टेकवून ती बाबांच्या छातीकडे पाहू लागली. सुती झग्याची नाडी छातीवर गाठ मारून बांधलेली होती. तिनेच बांधली होती. गाठ हलत नव्हती.

हलत नव्हती...

हलली.

वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली.

एका श्वासाचे इतके उपकार वाटावेत, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. तिने नॉब किंचित फिरवला. गाठ वर, गाठ खाली. आणखी किंचित. काट्याकडे एक डोळा, गाठीकडे एक. घाट उतरताना गाडी पहिल्या गिअरवर ठेवावी, तसा तिने तो दाब खाली आणला. दस्तगीर पलीकडे काचेवर तळवा ठेवून उभा होता. त्याचाही श्वास त्या गाठीबरोबरच चालला होता.

काटा शून्यावर टेकला. दार उघडलं.

तिने बाबांचे केस बाजूला सारले. कानामागे फाया होता, चिमणीच्या पिसाएवढा. तिने तो दस्तगीरच्या हातात दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला, खोलीबाहेर नेऊन ठेवला आणि परत येऊन तिच्यापुढे मान खाली घालून उभा राहिला.

"ताई..." इतकंच म्हणाला. आधी तो तिला बाई म्हणायचा.

पण तिचं लक्ष बाबांकडे होतं. डोळे अजून मिटलेलेच.

"बाबा," तिने हाक मारली. "बाबा, बोला ना."

...

"बाबा!"

बाबांनी एक डोळा उघडला. तिच्या कापणाऱ्या हातांकडे पाहिलं. मग तो कापता हात आपल्या सुरकुतल्या हातांत घेऊन कपाळाला लावला.

"भीतीचं विचारत होतीस ना रोज?"

तिने नुसती मान हलवली.

"घालवू नकोस, पोरी. तिच्याच भरवशावर डोळा लागला होता माझा."