रिकाम्या टाकीचा वास

"आता माझ्यात काय उरलंय, आक्का?"

मलगोंडानं हे विचारलं तेव्हा गौराक्का मठाच्या पायरीवर बसून सुपात शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. मलगोंडाला उभ्याउभ्याच विचारायची सवय होती. गॅरेजात गिऱ्हाइकं अशीच बोलतात.

नेसरीच्या नाक्यावर त्याचं मोटरसायकलींचं गॅरेज होतं. ते त्यानं धाकट्या भावाच्या, इराप्पाच्या, हवाली केलं आणि पावसाळा सरता सरता डोंगरावरच्या या मठात येऊन राहिला. घड्याळ दिलं, मोबाइल दिला, डोक्यावरचे केसही दिले.

आता त्याला एकच हवं होतं. पौर्णिमेला आक्का शिष्याला भगवं वस्त्र देत, ते. प्रत्येक पौर्णिमेला तो अंघोळ करून सगळ्यांच्या पुढं बसायचा आणि प्रत्येक पौर्णिमेला आक्का त्याला वाटीभर खीर वाढायच्या. खीर चांगली असायची, पण खिरीसाठी कोणी टक्कल करून घेत नाही.

"सगळं सोडलं," तो म्हणाला. "मी रिकामा झालोय."

आक्कांनी आणखी एक शेंग मोडली.

"गाडीतनं पेट्रोल गळतंय," त्या म्हणाल्या. "तेवढं बघ."

मठाची मोटरसायकल जुनी होती. वाडीतनं पीठ आणायचं, तेल आणायचं, कुणाला ताप चढला तर दवाखान्यात पोचवायचं, सगळं तिच्यावरच. मलगोंडानं टाकीच्या बुडाखालून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि टाकी खोलावी लागेल असा निकाल दिला. गावात न्यायची गरज नाही, इथंच खोलतो, असंही म्हणाला. गाव म्हणजे नेसरी, आणि नेसरीत गॅरेज एकच होतं.

आक्कांना गाड्यांतलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही हे सांगायची त्यांना लाजही नव्हती. शेंगांचं सूप उचलून त्या गाडीजवळ येऊन बसल्या.

मलगोंडानं टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्बोरेटरकडची नळी सोडवून कॅनमध्ये घातली, मग कॉक उघडून टाकी रिकामी होऊ दिली. सीट काढली. मागचा बोल्ट सोडवला. टाकी सरळ वर का उचलत नाहीस, असं आक्कांनी विचारलं, तेव्हा तो हसला. ती पुढं रबरात बसलेली असते, आधी मागं सरकवायची, मग उचलायची, हे त्यानं लहान पोराला सांगावं तसं सांगितलं.

त्याचे हात खूश होते. तोंडही खूश होतं. ध्यानाला बसल्यावर ते तसं कधी दिसत नसे. आक्कांनी हे पाहिलं.

टाकीच्या बुडाला गंजानं टाचणीएवढं भोक पडलं होतं. याला डाग द्यावा लागेल, कथील तापवून भोक बुजवावं लागेल, असं तो म्हणाला.

"चूल पेटलेलीच हाय की," आक्का म्हणाल्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, टाकी काखेत मारली आणि स्वयंपाकघराकडं चालू लागल्या.

"आक्का, थांबा."

गुरूच्या हातातून आजवर त्यानं प्रसादाखेरीज काही घेतलं नव्हतं. ती टाकी मात्र त्यानं हिसकावूनच घेतली.

"काय झालं? रिकामी तर हाय."

"रिकामी हाय म्हणूनच," मलगोंडा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "भरलेली टाकी पेटती, आक्का. रिकामी फुटती."

मग त्यानं समजावून सांगितलं. पेट्रोल ओतून टाकलं तरी त्याची वाफ आत बसून राहते. ती दिसत नाही, हलवली तर वाजत नाही. माणसाला वाटतं काही उरलं नाही, आणि तो बेधडक जाळ जवळ नेतो. असं एका गड्यानं केलेलं त्यानं स्वतः पाहिलं होतं. शेडचा पत्रा रस्त्यापलीकडच्या उसात जाऊन पडला होता. गडी वाचला, पण भुवया परत उगवल्या नाहीत.

"मग करायचं काय रं?"

धुण्याचा सोडा घालायचा, मूठभर खडी घालायची, पाणी भरून खळखळून हलवायची, ओतायची. परत भरायची. मग तोंड उघडं ठेवून उन्हात ठेवायची. वास जाईपर्यंत हेच करत राहायचं.

"वास गेला हे तुला कळतंय न्हवं?"

इथं मलगोंडाला खोटं बोलता आलं असतं, पण कामाच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता.

"मला न्हाई कळत," तो म्हणाला. "पेट्रोलात हात घालणाऱ्याचं नाक मरतंय. ज्यानं धुतली त्यानं वास घ्यायचाच न्हाई, असा आमच्यात रिवाज हाय. दुसऱ्यानं घ्यायचा."

"मला तर तपकिरीपायी मेला काय वासच येत न्हाई," आक्का म्हणाल्या. ते खरं होतं. त्यांची तपकिरीची डबी मठाइतकीच जुनी होती. "तुझ्या गॅरेजात कोण घ्यायचं?"

चुलीतलं लाकूड तडतडलं.

"इराप्पा," मलगोंडा म्हणाला.

मठात इराप्पाचं नाव फारसं निघत नसे. गेल्या महिन्यात नेसरीचा एक माणूस दर्शनाला आला होता. गॅरेजवरची जुनी पाटी उतरली, नवीन पाटीवर इराप्पाचं एकट्याचं नाव आहे, असं तो सहज सांगून गेला. मला काय त्याचं, असं मलगोंडा म्हणाला होता. त्या दिवशी त्यानं जेवण सोडून संध्याकाळपर्यंत लाकडं फोडली. ती लाकडं चुलीला अजून पुरत होती.

आता तो म्हणाला की भक्तांपैकी कुणीही वास घेईल. त्यांना जमेल का, असं आक्कांनी विचारलं. त्यावर त्याला पुन्हा खरं बोलावं लागलं. सवय लागते, आणि चुकलं तर टाकी फुटते.

"मग?" आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याबरोबर निरोप गेला. टाकी धुतली आहे, वास घ्यायला ये, एवढाच. निरोप गेल्यापासून मलगोंडा रस्त्याकडं पाठ करूनच बसला होता.

इराप्पा त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी आला. गॅरेजचं शटर ओढून, अंगावरच्या ऑइलनं काळ्या झालेल्या कपड्यांनिशी तसाच आला होता. डाग द्यायचं सामान आणि स्टो त्यानं न सांगताच आणला होता. आक्कांच्या पाया पडून तो टाकीपाशी बसला. डोळे मिटून त्यानं टाकीच्या तोंडाला नाक लावलं.

"अजून येतोय, दादा."

"नीट घे. नाक घरी ठिवून आलास काय?"

हे इतकं पटकन बाहेर आलं की मलगोंडाला स्वतःलाच ते ऐकून कसंसं झालं. त्यानं आक्कांकडं पाहिलं. आक्का तपकीर ओढत होत्या.

त्यानं टाकी उचलली आणि विहिरीवर नेली. इराप्पा मागोमाग गेला. सोडा घातला, खडी घातली, आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून टाकी हलवली, गॅरेज नवीन होतं तेव्हा हलवायचे तशी. पहिल्यांदा गढूळ पाणी आलं, मग जरा कमी गढूळ. दोघांनाही ते काम आवडत होतं, हे लांबूनही कळत होतं.

"नवी पाटी पेंटरकडं परत टाकलीया," इराप्पा मध्येच म्हणाला. "तुझं नाव घालू का वर?"

टाकीत खडी वाजत राहिली.

"नको," मलगोंडा म्हणाला. "तुझंच असू दे."

हे म्हणताना तो टाकीच्या तोंडात वाकून बघत होता, त्यामुळं त्याचा चेहरा कुणाला दिसला नाही.

उन्हं कलेपर्यंत टाकी पालथी-उताणी होत राहिली. इराप्पानं तीनतीनदा वास घेतला. शेवटी तो मान वर करून हसला.

"गेला, दादा. आता काय सुदिक न्हाई."

मलगोंडाला इतकं बरं वाटलं की त्यानं खळखळून हसत धाकट्या भावाच्या पाठीवर थाप मारली. असं तो कितीतरी दिवसांत हसला नव्हता. स्टो दोघांच्या मधे ठेवून त्यानं काडेपेटी हातात घेतली आणि काडी बाहेर काढली.

तेवढ्यात आक्का मठातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात घडी घातलेलं भगवं वस्त्र होतं. उद्या पौर्णिमा होती.

मलगोंडाचा हात थांबला. काडी तशीच राहिली. सगळ्या पौर्णिमांची खीर त्याला एकदम आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं.

आक्का त्याच्याजवळून पुढं गेल्या. इराप्पाच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि वस्त्र त्यांनी स्वतःच्याच मांडीवर ठेवलं.

"झाली न्हवं टाकी?" त्यांनी इराप्पाला विचारलं.

"झाली, आक्का."

आक्कांनी मलगोंडाकडं बोट केलं.

"आता ह्याचा वास घे, बाळ."