शेकराने फोडलेली भिंत

फार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या रानात एक शेकरू राहत होतं. कुणाचं काही अडलेलं दिसलं, की त्याला स्वस्थ बसवत नसे.

एकदा शेजारच्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी बसली आणि तिने आतून ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकलं. चोच बाहेर निघेल एवढीच फट उरली. नर त्यातून तिला फळं भरवी.

"काय ही कैद!" शेकरू हळहळलं. नर दूर गेल्यावर त्याने नखांनी ती भिंत पाडली. "मावशी, या बाहेर!"

मावशी कशी येणार? तिची पिसं झडली होती. पोटाखाली दोन अंडी होती.

"अरे, काय केलंस हे!" ती ओरडली. तेवढ्यात घोरपड चढून आली आणि मावशी चोचीने झुंजत असतानाच एक अंडं गिळून गेली.

मावशी पुन्हा भिंत लिंपू लागली. शेकरू कसंबसं म्हणालं, "मी चिखल आणू?"

"नको बाळा. तू नुसतं लांब बस."

पुढे मावशीने आपणच भिंत फोडली आणि शेकराला हाक मारून पिल्लू दाखवलं. पिल्लू गोड होतं, पण एकटंच होतं. शेकराला त्याच्याकडे मान वर करून बघवेना.