गोजराबाईची मूठ

शके अठराशे चौदा, महिना फाल्गुन. थंडी माघारी वळली होती, पळसांनी रान पेटवले होते आणि खळ्यांवर गव्हाच्या राशी पडत होत्या. निंबळखेडची जुनी माणसे ही कथा सांगू लागली की आरंभ येथूनच करतात. एक दिवस अलीकडून नाही, एक दिवस पलीकडून नाही. कारण त्या महिन्यात मथुराबाई माळिणीच्या लेकीची, शेवंताची, हळद होती आणि त्याच हळदीला सख्ख्या जावांमध्ये अबोला पडला.

मथुराबाई थोरली, गोजरा धाकटी. गोजरा लग्न होऊन आली तेव्हा परकर सावरतानाही अडखळत होती. घरात सासू नव्हती. मथुराबाईनेच तिची वेणी घातली, तिला भाकरी थापायला शिकवले आणि समोर बसवून जात्याचा खुंटा तिच्या हाती दिला. जाते एकटीने ओढायचे नसते. त्याला समोरासमोर दोन हात लागतात आणि एकमेकींना साथ देणारे दोन गळे लागतात. मथुराबाई ओवीचा पहिला चरण म्हणे, गोजरा दुसरा पुरा करी. त्यांचे दळण ऐकण्यासाठी पाणवठ्यावरच्या बायका घागर डोईवर घेऊन उभ्या राहत, असे म्हणतात.

पुढे गोजराचा नवरा संतू तालुक्याच्या बाजारात एका ख्रिस्ती कीर्तनकाराचे कीर्तन ऐकून आला. पुन्हा गेला, पुन्हा ऐकले, आणि वर्षभरात नवरा-बायकोने नदीत उतरून बाप्तिस्मा घेतला. भाऊकीने त्यांना वाळीत टाकले. मथुराबाईला मात्र कोणाचे ऐकण्याची सवय नव्हती.

"बाटली ती बाटली," बायका म्हणाल्या, "आता तिला जात्याला हात लावू देशील?"

"कोरड्या पिठाला विटाळ कसला गं?" मथुराबाई म्हणाली. "पाणी पडल्यावर बघू. अन् पीठ मळायचं ते मी मळीन माझ्या हातानं."

अशा रीतीने साऱ्या गावाशी भांडून तिने गोजराला जात्यासमोर ठेवली होती. हे ध्यानात धरावे. त्यावाचून पुढचा राग समजणार नाही.

हळदीचा दिवस उजाडला. निंबळखेडची रीत अशी की हळद दळताना पहिली ओवी नवरीच्या आईने म्हणावी आणि ती कुलदैवताची म्हणावी. अंगण बायकांनी भरले होते. मथुराबाईने खुंटा धरला, हळकुंडे वैरली, तोंड उघडले आणि लेक आता परक्या घरी जाणार या विचाराने तिचा गळा दाटला. एक श्वास ती थांबली. तेवढ्या श्वासात समोरून गोजराचा आवाज उठला:

*पहिली माझी ओवी, येशू राजाच्या नावाची,*
*गाईच्या गव्हाणीत, ज्योत उतरली देवाची.*

तिच्या मनात कपट नव्हते. नवा आनंद होता आणि तो काठोकाठ भरला होता. जावेचा गळा अडला तेव्हा आपण साथ द्यावी, एवढेच तिला सुचले. पण जी ओवी तिची नव्हती, ती तिने घेतली होती. नवऱ्या मुलाची आत्या उठून उभी राहिली. "ही हळद आमच्या पोराला चालायची नाही!" ती हळद उकिरड्यावर गेली, दुसरी दळावी लागली, आणि लग्न मोडता मोडता राहिले.

वरात गेल्यावर मथुराबाई धाकट्या जावेपुढे उभी राहिली. "गावाशी भांडून मी तुला या जात्याशी बसवली, गोजरे. माझ्या लेकीची पहिली ओवी माझी होती. आता तुझं जातं येगळं अन् माझं येगळं."

गोजरा पाया पडायला आली, तेव्हा मथुराबाईने दाराला आतून कडी घातली. पावसाळ्याआधी घराच्या मधोमध मातीची भिंत उभी राहिली. एका अंगाला एक जाते, दुसऱ्या अंगाला दुसरे.

संतू पुष्कळदा म्हणे, "आपण मिशनच्या वस्तीवर राहायला जाऊ." गोजरा म्हणे, "आक्काच्या कानावर माझं जातं पडतंय, तोवर मी हितून हलायची नाही."

त्या दिवसापासून गोजराने एक नेम केला. गावात जी बाई जात्यावर एकटी असेल, बाळंतीण, आजारी, विधवा, नवऱ्याने टाकलेली, तिच्या दारी पहाटे जाऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "दुसरा हात हवा का?" आत बोलावले तर बसायचे, नाहीतर पुढचे घर. गावकुसाबाहेर ती आधी गेली. गावातल्या घरांना तिचा हात चालू लागला तो फार नंतर. आणि कोठेही बसली तरी पहिली ओवी तिने पुन्हा कधी म्हटली नाही.

"पहिली तुमची," ती म्हणे. "घर तुमचं, जातं तुमचं, देव तुमच्या देव्हाऱ्यातला. म्हणा."

घरची बाई गाई, गोजरा साथ देई. दळण सरत आले आणि त्या बाईने आपण होऊन म्हटले, "आता तुझी एक होऊ दे की," तरच ती गाई. कोणी म्हटले नाही तर पीठ भरून देई आणि उठून जाई. तिची एक ओवी आजही म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी आहे:

*विहिरीच्या काठी, तहानला माझा धनी,*
*जिचा विटाळ जगाला, तिच्याकडं मागे पाणी.*

बायका तिची थट्टाही करीत. कासाराची राधा जिभेने मोठी तिखट. ती एकदा म्हणाली, "गोजरे, तुझा देव येवढा थोर, तर कधी चुलीपुढं बसलाय का?"

"बसलाय की," गोजरा म्हणाली. "रातभर जाळी टाकून दमलेल्या कोळ्यांसाठी त्यानं काठावर विस्तव पेटवला, मासे भाजले, भाकरी काढली आणि 'या जेवायला' म्हणाला."

राधेचा हात खुंट्यावरच थांबला. "बाप्यानं? आपण होऊन?"

"आपण होऊन."

"मग बाई, त्याला आधी आमच्या घरच्याला शिकवायला धाड. बाकीचं मी मागनं ऐकते!" सारे घर हसले. पण चार दिवसांनी राधेनेच निरोप पाठवला: त्या मासे भाजणाऱ्याचे पुढे काय झाले?

अशा कितीतरी गोष्टी मथुराबाईच्या कानी येत. कोणी सांगे, गोजरा समोर बसली की जड जाते पिसासारखे फिरते. कोणी सांगे, तापाने फणफणलेले लेकरू तिच्या मांडीवर दळणाच्या घरघरीत निजले आणि घाम फुटून उठले. दुष्काळाच्या साली तर तिने मूठभर ज्वारी जात्यात वैरली आणि प्रार्थना केली. जात्याच्या दगडी पाळीतून पीठ पडतच राहिले, साऱ्या आळीची भाकरी झाली आणि मूठ अजून सरली नव्हती, असे म्हणतात. मथुराबाई ऐके आणि म्हणे, "मला काय त्याचं!" पण सांगणारी उठू लागली की तिच्यापुढे पानाचा डबा सरकवी, म्हणजे ती आणखी थोडी बसेल.

खरी गोष्ट अशी की मथुराबाईचा दिवस भिंतीपलीकडे सुरू होत असे. झुंजुमुंजू झाले की पलीकडचे जाते घरघरू लागे. घरी दळताना गोजरा मोकळेपणी गाई. तिथे पहिली ओवी तिचीच होती. अलीकडे मथुराबाई आपले जाते थांबवून बसे. पलीकडच्या ओवीचा पहिला चरण संपला की दुसऱ्यासाठी तिचे ओठ हलत. मग ती पदर तोंडाशी धरी आणि पुन्हा दळू लागे, जोराने, रागाने, जाडे भरडे.

एक ओवी गोजरा नेहमी शेवटी म्हणे:

*नव्व्याण्णव मेंढवाड्यात, एक राहिले रानात,*
*मेंढपाळ माझा देव, काटे रुतले पायात.*

एवढे म्हणून ती थांबे. पुढची ओवी येत नसे. मथुराबाई वाट पाही. उद्या म्हणेल, परवा म्हणेल. वर्षे गेली, पण काटे रुतलेला तो मेंढपाळ रानातच राहिला. त्याला ते कोकरू सापडले की नाही, हे विचारावे तर बोलावे लागेल, आणि आधी बोलायचे कोणी? बारवेवर दोघी समोरासमोर आल्या की गोजरा बाजूला सरून वाट देई आणि "आक्का" एवढेच म्हणे. मथुराबाई घागर उचलून चालू लागे. घरी पोहोचेपर्यंत तो एक शब्द तिच्या कानात असे. घरी पोहोचल्यावरही असे.

शेवंता माहेरपणाला आली की म्हणे, "आई, माझ्या संसाराचं सोनं झालं. ज्या हळदीवरनं तू भांडलीस, तिची आठवण माझ्या सासरी कुणालाच नाही. काकी चुकली, खरं. पण किती दिस?"

"तू नको शिकवू मला," मथुराबाई म्हणे. आणि शेवंता गेल्यावर भिंतीकडे तोंड करून बसे.

मग एका कार्तिकात गोजराचा गळा बसला. आधी खोकला झाला, मग आवाज चिरका झाला, मग गेलाच. वैद्याने काढे दिले, मिशनच्या डॉक्टरीणबाईंनी घशात डोकावून पाहिले आणि मान हलवली. पलीकडचे जाते अजून फिरत होते, पण मुके आणि संथ, एका हाताने ओढल्यासारखे. संतू आदल्याच वर्षी गेला होता. जी सगळ्यांच्या दारी दुसरा हात घेऊन गेली, तिच्या समोरची जागा रिकामी होती. बायका येऊ पाहत, तर ती हातानेच नको म्हणे. ती जागा ती कोणासाठी राखत होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. मथुराबाईलाही होते.

मार्गशीर्ष लागला. एका पहाटे मथुराबाई भिंतीशी बसली होती. पलीकडे दगडावर दगड फिरत होता. ती शेवटच्या ओवीची वाट पाहू लागली आणि एकाएकी तिच्या ध्यानात आले की ती ओवी आता कधीच येणार नाही. वाट पाहण्यासारखे भिंतीपलीकडे काही उरले नाही. तिने स्वतःच तोंड उघडले. आवाज म्हातारा होता, चिरका होता, पण शब्द एकही चुकला नाही:

*नव्व्याण्णव मेंढवाड्यात, एक राहिले रानात…*

पलीकडचे जाते थांबले.

मथुराबाईने ओवी पुरी केली नाही. ती उठली, अंगण ओलांडून गल्लीत आली, भिंतीला वळसा घालून धाकट्या जावेच्या दारात उभी राहिली. दार उघडेच होते. गोजरा खुंट्यावर हात ठेवून बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होते.

"सरक गं," मथुराबाई म्हणाली. "येकटीनं ओढून जातं मोडायचंय का?"

ती समोर बसली. खुंट्यावर दोन हात आले. गोजराने मूठभर ज्वारी वैरली आणि जाते फिरू लागले.

"त्या मेंढपाळाला ते कोकरू गावलं का गं?" मथुराबाईने शेवटी विचारले. "किती सालं झाली, तू पुढं म्हणतच नाहीस."

गोजराने गळ्याकडे बोट केले. मग छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. मथुराबाईला कळले. गळा गेला तो यंदा. ओवी अडली होती ती भिंत उभी राहिली तेव्हापासून. जे आपल्या घरी घडले नाही, ते हिच्या तोंडून निघत नव्हते.

"बरं," मथुराबाई म्हणाली, "मग मीच म्हणते." आणि जाते ओढता ओढता, जसे सुचले तसे, तिने म्हटले:

*खांद्यावरी कोकरू, आला दमत घराला,*
*या गं या शेजारणी, सापडले हे मला.*

असे म्हणतात की गोजराने खुंटा सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकले. कारण शुभवर्तमानात तसेच लिहिले आहे: मेंढपाळ कोकराला खांद्यावर घेतो आणि घरी येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतो. मथुराबाईला अक्षरओळख नव्हती, तो ग्रंथ तिने कधी ऐकला नव्हता. तिला हे कोणी सांगितले? गाव म्हणते, ज्याची गोष्ट होती त्यानेच सांगितले. आणि असेही म्हणतात की त्या पहाटे सगळ्या आळीने भिंतीच्या दोन्ही अंगांनी तीन आवाज ऐकले. दोन म्हाताऱ्या बायकांचे, गळा गेलेल्या गोजराचाही, आणि एक कोणाचा ते कोणी ओळखले नाही.

मथुराबाईने पुढे बाप्तिस्मा घेतला की नाही, याविषयी निंबळखेडात दोन मते आहेत आणि दोन्ही मोठ्या आवाजात मांडली जातात. भिंत मात्र राहिली नाही, याविषयी एकच मत आहे. होळीच्या आत तिची माती परसात पसरली गेली आणि तिच्यावर दोघींनी वांगी लावली.

आता निंबळखेडात पिठाची गिरणी आहे आणि हळद बाजारातून पुडीत येते. तरी लग्नघर कोणाचेही असो, ख्रिस्ती असो की माळ्याचे की मराठ्याचे, हळदीच्या दिवशी अंगणात जाते मांडतातच. पहिली मूठ घरच्या बाईने दळायची नसते. जिचा जिच्याशी अबोला आहे, अशा दोघी शोधून आणायच्या, समोरासमोर बसवायच्या आणि एका खुंट्यावर दोघींचे हात ठेवायचे. कधी अशा दोघी लवकर सापडत नाहीत, कारण आपले भांडण आहे हे कोणी कबूल करत नाही. कधी इतक्या सापडतात की रांग लागते. वरपक्ष ताटकळतो, वाजंत्री कुरकुरतात, पण ती मूठ दळल्यावाचून हळद पुढे जात नाही. दोघींपैकी एक दुसरीला म्हणते, "पहिली तुझी." ती म्हणते, "नको, तुझी." आणि कोणीतरी गाऊ लागते.

त्या मुठीला गोजराबाईची मूठ म्हणतात. ती पहिल्यांदा दळली गेली तो दिवस गाव विसरलेले नाही: शके अठराशे एकतीस, मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष, नाताळच्या आठवड्यातला सोमवार. त्या दिवशी दोन्ही जावांचे मिटले.