कुणी न पाहिलेली वात

सहजनाथ महाराज त्या साली चातुर्मासाला सावरखेडला राहिले होते. ओढ्याकाठी महादेवाचं जुनं देऊळ, त्याच्या ओवरीत एक घोंगडी आणि पाण्याचा तांब्या, एवढाच त्यांचा संसार. महाराज फार बोलत नसत. कुणी पायांवर डोकं ठेवलं की "शिव शिव" म्हणत आणि "जेवून आलास ना?" एवढं विचारत. पण त्यांच्या नुसत्या असण्यानं गावाला वेगळीच कळा आली होती. जिथे सोमवारखेरीज माणूस दिसत नसे, त्या देवळात रोज दुपारी बायकांची दाटी होऊ लागली.

त्याच चातुर्मासात द्वारकाबाई इनामदारांनी लक्षवातींचा नेम धरला. द्वारकाबाई म्हणजे साऱ्या गावाच्या वहिनीसाहेब. आताच्या मुलींनी या नेमाचं नावही ऐकलं नसेल. कापसाच्या एक लाख वाती आपल्या हातांनी वळायच्या, वळताना तोंडानं देवाचं नाव घ्यायचं, आणि त्रिपुरी पौर्णिमेला त्या साऱ्या तुपात भिजवून देवापुढे एकदम पेटवायच्या. बोटांना भस्म लावून वळलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र वाती काय सुरेख दिसत!

वहिनीसाहेब सभामंडपाच्या अगदी मधोमध पाट मांडून बसत. शेजारी त्यांची मोलकरीण भिमा. शंभर वाती झाल्या की भिमानं चांदीच्या वाटीत एक चिंचोका टाकायचा, आणि तो चांगला वाजेल असा टाकायचा, अशी तिला ताकीद होती. चिंचोका वाजला की बायका माना वळवत.

"अगंबाई, वहिनीसाहेब, बोटं दुखत नाहीत का हो?"

"देवासाठी करायचं, तिथे दुखणं कसलं?" वहिनीसाहेब म्हणत, आणि ओवरीपर्यंत ऐकू जाईल इतपत आवाज चढवत.

मंडप रिकामा होऊ लागला की मात्र त्यांच्या बोटांना जडपणा येई. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. पण त्या विचाराला त्यांनी कधी बसायला पाट दिला नाही.

मागच्या खांबाशी ठकू बसायची. ठकूला ना नवरा राहिला होता ना मूल. लोकांकडे सरकी काढायला जायची, आणि चरकीखाली पडलेला मळका कापूस मालकाला विचारून पदरात घेऊन यायची. तो निवडून, पिंजून ती वाती वळायची आणि गाभाऱ्यातल्या नंदादीपासाठी रखमाजी गुरवाच्या हाती द्यायची.

एकदा वहिनीसाहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं ठकू, तुझ्या किती झाल्या?"

"मोजल्या न्हाईत, वहिनीसाहेब."

"मोजल्या नाहीस? मग देवाला कळायचं कसं?"

"त्याला उजेड पडला म्हंजी झालं."

"ऐकलंत का? सगळा कैलास हिच्याच वातीवर चाललाय जणू!"

बायका खो खो हसल्या. ठकूही कसनुशी हसली आणि खाली मान घालून वळत राहिली. ओवरीत महाराजांनी एकवार डोळे उघडले आणि मिटले.

भाद्रपदात पावसाची झड लागली. ओढा फुगला, बायकांनी देवळात येणं सोडलं. एक दिवस वहिनीसाहेब छत्री धरून गेल्या, तर मंडपात चिटपाखरू नव्हतं. होती ती कोपऱ्यातली ठकू. वहिनीसाहेब तशाच परत फिरल्या. त्या दिवसापासून कापसाची टोपली इनामदारांच्या माजघरात गेली. भिमा आणि आणखी दोघी वाती वळू लागल्या, वहिनीसाहेब झोपाळ्यावर बसून विडा लावू लागल्या. 'वात ती वात,' त्या मनाशी म्हणाल्या, 'कुणी वळली म्हणून ज्योत का वेगळी पडते?' झड ओसरली तशा त्या पुन्हा मंडपात येऊन बसल्या. वाटीत चिंचोके बरेच वाढले होते. बायकांनी कौतुकानं तोंडात बोटं घातली.

आणि त्रिपुरी पौर्णिमा उगवली. पाहुणे आले, सनई आली. तिन्हीसांजेला देवापुढे भली मोठी परात ठेवली, तीत तुपात न्हालेल्या लाख वाती. वहिनीसाहेब पैठणी नेसून, नथ घालून हात जोडून उभ्या राहिल्या. रखमाजीनं पेटता काकडा परातीला लावला.

तूप चरचरलं. धूर निघाला. ज्योत काही धरेना.

रखमाजीनं काकडा फिरवून दुसऱ्या बाजूनं लावला. पुन्हा नुसता धूर! सनई मध्येच थांबली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. इनामदार उपरण्यानं कपाळ पुसू लागले. वहिनीसाहेबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एवढ्या माणसांत आता तोंड कुठे लपवावं? नजर सैरभैर फिरली आणि खांबाशी उभ्या असलेल्या ठकूवर थांबली.

"हीच! हिचीच दृष्ट लागली. पांढऱ्या कपाळाची बाई रोज माझ्या वातींकडे बघत बसायची. आधी हिला बाहेर काढा, आणि पुन्हा या देवळाची पायरी चढू देऊ नका!"

कुणीतरी ठकूचा दंड धरला. जगात तिला बसायला तेवढा एकच खांब होता. ती कळवळून म्हणाली, "म्या हात सुदिक लावला न्हाई वो. मला भाईर बसवा, पर माझ्या वाती देवाला नगं म्हनू नका."

"थांबा," महाराज म्हणाले. ते केव्हा ओवरीतून उठून आले कुणाला कळलं नाही. परातीपाशी येऊन ते शांतपणे म्हणाले, "बाई, एवढ्या वाती आहेत. यांतली एक मला काढून द्या."

"कोणतीही, महाराज?"

"कुणी बघत नसताना तुम्ही वळलेली. एकच पुरे."

वहिनीसाहेब वाकल्या. परातीत बोटं घातली. मंडपातल्या वाती? त्या तर साऱ्या लोकांच्या डोळ्यांसमोर वळलेल्या. पावसातल्या? त्या भिमाच्या. बोटं तुपात फिरत राहिली. 'कुठलीही उचलून द्यावी,' मनात आलं, 'कुणाला कळणार आहे?' एक वात त्यांनी उचललीसुद्धा. वर पाहिलं. महाराजांच्या डोळ्यांत राग नव्हता. लेकरू खरं बोलेल म्हणून आई जशी थांबते, तसे ते थांबले होते.

हातातली वात गळून पडली.

"एकही नाही, महाराज," त्या पुटपुटल्या. ते फक्त महाराजांनाच ऐकू गेलं. त्यांनी फक्त ठकूकडे पाहिलं. तिचा दंड अजून कुणाच्या तरी मुठीत होता.

वहिनीसाहेब लोकांकडे वळल्या. त्या मोठ्यानं बोलल्या. "सोडा तिला! तिचा काही दोष नाही. यातल्या कितीतरी वाती माझ्या नाहीतच. भिमानं वळल्या, मी झोपाळ्यावर बसले होते. आणि ज्या माझ्या आहेत, त्या मी देवासाठी नाही, तुमच्यासाठी वळल्या."

नंदादीपावरून नवा काकडा पेटवावा म्हणून रखमाजी गाभाऱ्यात गेला आणि किंचाळला, "महाराज! धावा!"

लोक दाराशी लोटले. रखमाजी दिव्याकडे बोट दाखवत म्हणाला, "उत्सवाच्या धांदलीत परवापासून तेल घालायचं राहिलं माझ्याकडून. दिवा ठणठणीत कोरडा आहे, टिपूस नाही तेलाचा... आणि वात जळतेय!"

खरंच! ठकूची ती मळकट वात. तिला काजळी नव्हती, ती तसूभरही सरली नव्हती. सोन्याच्या कळीसारखी तेवत होती.

"ठकू, ही कधी वळलीस गं?" महाराजांनी विचारलं.

"ठावं न्हाई, म्हाराज. वळली की देऊन टाकती."

महाराजांचे डोळे भरून आले. "वाहवेच्या तेलावर जळणारा दिवा माणसं घरी गेली की विझतो," ते म्हणाले. "हिच्या वातीला आतून पुरवठा आहे. ये माय, ती ज्योत घे आणि परातीला लाव."

ठकू मागे सरली. तेव्हा द्वारकाबाईंनीच तिचा हात धरून तिला पुढे आणलं. ज्योत लागली मात्र, लाख वाती एकदम फुलल्या! देऊळ कळसापर्यंत उजळलं. "हर हर महादेव!"

"महाराज, माझ्या खोट्या वातींनी कशी ज्योत धरली?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"खोटं तुम्ही आत्ताच बोलून टाकलंत की! कापूस चांगलाच होता, आणि भिमाचे कष्टही खरे होते."

द्वारकाबाई ठकूच्या पायांवर वाकल्या. ठकू "नगं, नगं वहिनीसाहेब" म्हणत पाय ओढू लागली. मग त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. आणि त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं, 'लोक म्हणत असतील, इनामदारीण असून केवढी नम्र!'

त्या चरकल्या. पायांवर डोकं असतानासुद्धा! शरमेनं त्यांना हुंदका फुटला. "महाराज, हे कधी जायचं हो?"

काय जायचं ते लोकांना कळलं नाही. महाराजांना कळलं. ते वाकून हलकेच म्हणाले, "लगेच नाही जायचं, बाई. आलं की अशीच लाज वाटू द्या. तोही प्रसादच आहे."

द्वारकाबाईंनी मान वर केली नाही. परातीतल्या ज्योती शांत होऊन पाहुणे पांगले, सनईवाले गेले, मंडपात कुणी उरलं नाही, तरी त्या तशाच नमस्कारात होत्या. त्यांचा तो नमस्कार महाराजांखेरीज कुणी पाहिला नाही. भाविकहो, देवाला पोचला तो तोच.