आतला पदर

"दोनशे किलो उचलणारा मी... मग पन्नास किलोचे अण्णा माझ्या हातून निसटले कसे, वस्ताद?"

विचारणारा इंद्रजित. शरीरसौष्ठवात जिल्ह्यात पहिला आलेला. डोक्यावर खुरटे केस. वडिलांचं तेरावं नुकतंच झालेलं.

अर्धांगानं पडून असलेल्या अण्णांना खाटेवरून खुर्चीत बसवताना त्याच्या कमरेत कळ गेली. अण्णा खाली पडले. खुब्याचं हाड मोडलं. अकराव्या दिवशी गेले.

शिदू वस्ताद तालमीतली माती सारखी करत होते. त्यांनी फावडं बाजूला ठेवलं.

"शर्ट काढ. उताणा झोप."

पोटावर सहा विटा रचल्यासारख्या उभ्या होत्या. वस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कमरेच्या हाडाला लागून, आतल्या बाजूला दोन बोटं रुतवली.

"हात वर कर."

हात वर गेला. विटा ताठरल्या. बोटांखाली मात्र...

"काही नाही," वस्ताद म्हणाले.

मग ते स्वतःच शेजारी झोपले. सत्तरीचं सुटलेलं पोट. इंद्रजितची बोटं त्याच जागी ठेवून त्यांनी हात उचलला.

हात हलण्याआधीच आत काहीतरी आवळलं.

"हे काय?"

"पोटाचा सगळ्यात आतला पदर. आडवा असतो, पाठीकडून पुढं येतो. हाताला ओझं लागायच्या आधी कंबर बांधतो. तुझी बांधलीच नाही."

"हे मला कुणी कधी..."

"मीच. तुझ्या सोळाव्या वर्षी. ह्याच मातीत. श्वास सोडायचा, बेंबीखालचं पोट हळूच आत घ्यायचं, तसंच धरून श्वास चालू ठेवायचा. रोज, जोर-बैठकांच्या आधी."

इंद्रजितनं दोन बोटं स्वतःच्या पोटात त्याच जागी रुतवून पाहिली.

"आरशात त्याचं काही दिसायचं नाही. म्हणून सोडलं."

"हं."

"तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग बोलला का नाहीत?"

वस्ताद उठून बसले. पाठीची माती झटकली नाही.

...

"तुझा फोटो पेपरात आला, त्या दिवशी अण्णा स्वतःच्या पायानं इथं आले होते. विचारलं, पोरगं तयार झालं का. फोटोखाली माझ्या तालमीचं नाव होतं, इंद्रजित. मी हो म्हणालो."